रक्तदाब १६०/११० : आई, बाळ आणि निर्णयाची घडी

गरोदर बाईला दवाखान्यात माता व बाल संरक्षण कार्ड मिळते. दर तपासणीला सिस्टर त्यावर वजन लिहितात, रक्ताचे प्रमाण लिहितात आणि दोन आकडे लिहितात, मध्ये तिरकी रेघ देऊन. ११०/७०. १२०/८०. हा रक्तदाब, आपण ज्याला बीपी म्हणतो. घरी आल्यावर कार्ड पिशवीत जाते आणि पिशवी खुंटीला. सोनोग्राफीचा फोटो घरातले सगळे पाहतात, तो आकडा मात्र कोणी वाचत नाही.

या महिन्याच्या आरोग्य पानावर आम्ही त्या दोन आकड्यांविषयी लिहीत आहोत. कारण वस्तीतल्या एखाद्या घरात रात्री-बेरात्री असा प्रसंग येतो की डॉक्टर म्हणतात, "बीपी फार वाढला आहे, मोठ्या दवाखान्यात न्या," किंवा "बाळ आजच काढावे लागेल." समोर कागद असतो, हातात पेन असते आणि घरच्यांना काहीच कळत नसते. डॉक्टरांनी समजावले तरी त्या घाईत ते डोक्यात शिरत नाही. म्हणून हे आधीच, निवांत वेळी वाचलेले बरे. घरातल्या सासूबाईंना आणि मुलाच्या बापालाही वाचून दाखवावे.

हा नेहमीचा बीपी नव्हे

गरोदरपणाचे २० आठवडे, म्हणजे साधारण साडेचार महिने उलटल्यानंतर काही बायकांचा रक्तदाब वाढू लागतो. १४०/९० किंवा त्याहून जास्त रक्तदाब आणि त्यासोबत लघवीतून प्रथिने जाणे, किंवा मूत्रपिंड, यकृत, रक्त, मेंदू यांवर परिणाम दिसणे, या आजाराला डॉक्टर प्रीएक्लॅम्पसिया म्हणतात. शंभर गरोदर बायकांत २ ते ८ जणींना तो होतो. यातच झटके आले, म्हणजे आकडी आली, तर त्याला एक्लॅम्पसिया म्हणतात.

आजाराचे मूळ वारेत असते. वार म्हणजे बाळाला आईकडून रक्त पोहोचवणारा अवयव. गर्भाशयाच्या रक्तवाहिन्या जितक्या रुंद व्हायला हव्यात तितक्या झाल्या नाहीत, तर वारेला रक्त कमी पडते. मग वारेतून असे पदार्थ आईच्या रक्तात उतरतात की तिच्या अंगभरच्या रक्तवाहिन्या आवळू लागतात. म्हणून रक्तदाब चढतो, मूत्रपिंडातून प्रथिने गळतात, यकृताला सूज येते, मेंदूवर ताण येतो. बाळालाही रक्त कमी मिळते, त्याची वाढ खुंटते.

हे समजले की दोन गोष्टी उघड होतात. एक, हा आजार बाईने काही खाल्ले, जड उचलले, ग्रहणात बाहेर गेली म्हणून होत नाही. मागच्या जन्मीच्या पापाने तर नाहीच. बाबासाहेबांनी धम्म देताना पूर्वजन्मीच्या कर्माचा हा भार आपल्या माथ्यावरून उतरवला आहे. तो आजारी सुनेच्या माथ्यावर पुन्हा ठेवू नये. दुसरी गोष्ट, आजार वारेत आहे, तेव्हा वार बाहेर पडल्याशिवाय तो पूर्ण जात नाही. गोळ्या आणि इंजेक्शने आईला सांभाळतात, वेळ मिळवून देतात. आजार मिटायला सुरुवात होते ती बाळंतपणानंतर. पुढचे सगळे निर्णय या एका गोष्टीवर उभे आहेत.

कोणाला धोका जास्त

पहिलेपण, जुळी बाळे, आधीच्या बाळंतपणात हाच आजार, आधीपासून बीपी, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा आजार, लठ्ठपणा, चाळिशीनंतरचे गरोदरपण, आईला किंवा बहिणीला हा त्रास झालेला असणे. यांपैकी काही असेल तर पहिल्या तपासणीलाच डॉक्टरांना सांगावे. यातले काहीही नसतानाही आजार होऊ शकतो, म्हणून बीपी सगळ्यांचाच मोजला पाहिजे.

धोक्याच्या खुणा

पुष्कळदा रक्तदाब वाढलेला असतो आणि बाईला काहीच जाणवत नाही. "मला तर बरे वाटते," हा पुरावा होत नाही. पण पुढील खुणा दिसल्या तर त्याच दिवशी, त्याच घडीला दवाखाना गाठावा :

— न थांबणारे, जोराचे डोके दुखणे.
— डोळ्यांपुढे काजवे चमकणे, अंधुक किंवा दोन-दोन दिसणे.
— छातीखाली, पोटाच्या वरच्या भागात, बहुधा उजव्या बाजूला दुखणे, सोबत उलटी.
— चेहरा आणि हात एकाएकी सुजणे, बांगड्या-अंगठी घट्ट होणे.
— लघवी कमी होणे, दम लागणे.
— बाळाची हालचाल कमी वाटणे.

यातली तिसरी खूण सर्वांत फसवी. घरात म्हणतात, "पित्त झाले आहे," आणि सोडा किंवा पित्ताची गोळी देतात. दिवस भरत आलेल्या बाईच्या पोटात वर दुखत असेल तर ते यकृताचे दुखणे असू शकते. काहींच्या रक्तातील तांबड्या पेशी फुटू लागतात, यकृत बिघडते आणि रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट पेशी कमी होतात. डॉक्टर त्याला हेल्प सिंड्रोम म्हणतात. तेव्हा बीपी फार वाढलेला नसतानाही जीव धोक्यात असतो. पित्त आहे की आणखी काही, हे बीपी मोजून आणि रक्त-लघवी तपासूनच ठरते.

आकडे असे लक्षात ठेवावेत. वरचा आकडा १४० किंवा खालचा ९० झाला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचे. वरचा १६० किंवा खालचा ११० झाला, तर ही तातडी आहे. सकाळची वाट पाहायची नाही. दोन्ही आकडे वाढायला हवेत असे नाही, एकही पुरे.

उपचार तीन बाजूंनी

रक्तदाब १६०/११० वर गेलेल्या बाईवर दवाखान्यात एकाच वेळी तीन कामे चालतात : झटके येऊ न देणे, रक्तदाब उतरवणे आणि बाळंतपण केव्हा करायचे ते ठरवणे.

पहिले काम मॅग्नेशियम सल्फेटचे. दवाखान्यात त्याला नुसते "मॅगसल्फ" म्हणतात. झटके थांबवायला आणि येऊच नयेत म्हणून जगात आज हेच पहिले औषध आहे. पूर्वी गुंगीची किंवा फिटची औषधे देत. १९९५ साली भारतासह अनेक विकसनशील देशांतल्या १,६८७ झटके आलेल्या बायकांवर मोठा अभ्यास झाला. गुंगीच्या डायझेपामपेक्षा आणि फिटच्या फेनिटॉइनपेक्षा मॅग्नेशियम घेतलेल्यांना पुन्हा झटके येण्याचे प्रमाण कितीतरी कमी निघाले. २००२ साली ३३ देशांतल्या दहा हजारांहून अधिक बायकांच्या दुसऱ्या अभ्यासात दिसले की झटके येण्याआधीच हे औषध दिले तर धोका निम्म्याहून खाली येतो. औषध जुने आहे, स्वस्त आहे आणि सरकारी दवाखान्यात मिळते.

मोठ्या दवाखान्यात पाठवण्याआधी प्राथमिक आरोग्य केंद्रातच पहिला डोस देता येतो : दोन्ही कुल्ल्यांत ५-५ ग्रॅम, एकूण १० ग्रॅम. म्हणून "पुढे न्या" असे सांगितले की घरच्यांनी एवढे विचारावे, "मॅगसल्फचे पहिले इंजेक्शन दिले का? चिठ्ठीवर वेळ लिहिली का?" हा उद्धटपणा नव्हे. ती वेळ पुढच्या डॉक्टरांना पुढचा डोस ठरवायला लागते.

हे इंजेक्शन दुखते. अंगात एकदम गरम वाफा आल्यासारखे वाटते, मळमळते. औषध चुकले असे समजून घाबरू नये. सिस्टर अधूनमधून गुडघ्यावर छोटी हातोडी मारून पाय उडतो का पाहतात, श्वास मोजतात, लघवीची पिशवी पाहतात. औषधाचे प्रमाण जास्त झाले तर आधी गुडघ्याची उडी जाते, मग श्वास मंदावतो. त्यावर उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेटचे इंजेक्शन तयार ठेवलेले असते. बाळंतपणानंतर, किंवा शेवटच्या झटक्यानंतर, २४ तास हे औषध चालू ठेवतात. "बाळ झाले, आता सुया बंद करा," असा आग्रह धरू नये.

दुसरे काम रक्तदाब उतरवण्याचे. १६०/११० च्या वर मेंदूत रक्तस्राव होण्याची भीती असते, म्हणून औषध तासाभराच्या आत सुरू व्हायला हवे. लॅबेटॅलॉल किंवा हायड्रॅलॅझिन शिरेतून देतात, नाहीतर निफेडिपिनची गोळी तोंडाने. पण शिरेतून औषध द्यायचे तर सलाइन लावणारा हात हवा, सतत बीपी पाहणारी सिस्टर हवी. जिथे एका सिस्टरच्या माथी पूर्ण वॉर्ड असतो तिथे काय करायचे?

या प्रश्नाचे उत्तर आपल्या नागपुरातून मिळाले. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आणि डागा स्मृती स्त्री रुग्णालय, या दोन सरकारी दवाखान्यांत २०१५ ते २०१७ या काळात ८९४ गरोदर बायकांवर अभ्यास झाला. सगळ्यांचा रक्तदाब फार वाढलेला होता. कोणाला निफेडिपिन, कोणाला लॅबेटॅलॉल, कोणाला मिथाइलडोपा, तिन्ही औषधे तोंडानेच दिली. सहा तासांत कोणताही अपाय न होता रक्तदाब आटोक्यात आला, असे शंभरात निफेडिपिनवर ८४, लॅबेटॅलॉलवर ७७ आणि मिथाइलडोपावर ७६ जणींच्या बाबतीत घडले. २०१९ साली लॅन्सेट या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात हे छापून आले. अर्थ असा की तिन्ही गोळ्या कामाच्या आहेत, त्यांत निफेडिपिन थोडे पुढे आहे, आणि सलाइनची सोय नाही म्हणून उपचार अडून राहण्याचे कारण नाही.

ज्या शहरात १९५६ साली आपल्याला धम्म मिळाला, त्याच शहरातल्या सरकारी वॉर्डात दाखल झालेल्या बायकांमुळे जगभरच्या डॉक्टरांना हे शिकायला मिळाले. सरकारी दवाखान्याला नावे ठेवताना हेही आठवावे.

गोळी तोंडाने घ्यायची म्हणजे पाण्याबरोबर गिळायची. निफेडिपिनची कॅप्सूल फोडून जिभेखाली टाकण्याची जुनी रीत आता चुकीची मानतात. रक्तदाब धाडकन उतरला तर बाळाचा रक्तपुरवठा तुटतो. रक्तदाब सावकाश आणि बेताने उतरवायचा असतो, एकदम १२०/८० वर आणायचा नसतो. म्हणूनच घरातल्या आजोबांची बीपीची गोळी सुनेला कधीही देऊ नये. वयस्क माणसांना दिल्या जाणाऱ्या काही गोळ्या पोटातल्या बाळाच्या मूत्रपिंडाला घातक असतात.

बाळंतपण केव्हा : खरी कसोटी

तिसरे काम सर्वांत अवघड, कारण यात एकच उत्तर सगळ्यांना लागू होत नाही. किती आठवडे भरले आणि आईची स्थिती कशी, यावर निर्णय ठरतो.

३७ आठवडे पूर्ण झाले असतील तर वाट पाहून काही मिळत नाही. आजार सौम्य असला तरी बाळंतपण करून घ्यावे असेच डॉक्टर सांगतात.

३४ ते ३७ आठवड्यांच्या मध्ये आजार तीव्र असेल, तर आईला स्थिर करून बाळंतपण करतात. सौम्य असेल तर थांबायचे की नाही यावर डॉक्टरांतही चर्चा होती. भारत आणि झांबिया या देशांत झालेल्या व २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले की या काळात ठरवून लवकर बाळंतपण केल्याने मृत बाळ जन्मण्याचे प्रमाण आणि आईचा रक्तदाब फार वाढण्याचे प्रमाण कमी झाले.

२४ ते ३४ आठवड्यांच्या मध्ये तराजूची दोन्ही पारडी जड असतात. बाळाला पोटात मिळणारा एकेक दिवस मोलाचा असतो आणि आईसाठी तोच दिवस धोक्याचा. आई स्थिर असेल, औषधांनी रक्तदाब आवरला असेल आणि दवाखान्यात नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग असेल, तर काही दिवस थांबून पाहता येते. पण घरी नाही, दवाखान्यातच भरती राहून. रोज रक्त-लघवी, दिवसातून अनेकदा बीपी. बाळाची फुप्फुसे लवकर पक्व व्हावीत म्हणून आईला डेक्सामेथासोनची ६ मिलिग्रॅमची चार इंजेक्शने बारा-बारा तासांनी देतात. या थांबण्यात जे दिवस मिळतात ते बाळाच्या श्वासासाठी असतात. मात्र झटके आले, रक्तदाब औषधांनाही आवरेना, फुप्फुसात पाणी झाले, हेल्प सिंड्रोम झाला, वार सुटू लागली किंवा बाळाचे ठोके बिघडले, तर आठवडे मोजत बसायचे नाही. आईला सावरायचे आणि बाळ बाहेर घ्यायचे.

२४ आठवड्यांच्या आत आजार तीव्र झाला तर बाळ जगण्याची आशा जवळपास नसते आणि थांबण्यात आईच्या जिवाला मोठा धोका असतो. तेव्हा डॉक्टर गर्भ काढण्याचा सल्ला देतात. हे ऐकणे कठीण असते. पण कायद्याची भीती बाळगू नये. १९७१ च्या वैद्यकीय गर्भपात कायद्याच्या कलम ५ प्रमाणे आईचा जीव वाचवण्यासाठी तातडीने गर्भ काढावा लागत असेल, तर त्याला आठवड्यांची मर्यादा नाही. बाई अठरा वर्षांवरील असेल तर तिची स्वतःची संमती पुरेशी असते. नवऱ्याची सही कायदा मागत नाही.

सिझर की साधे बाळंतपण?

बीपी वाढला म्हणजे सिझर झालेच पाहिजे असे नाही. कळा आणून साधे बाळंतपण करता येत असेल तर आईसाठी ते पुष्कळदा बरे, कारण शस्त्रक्रियेत रक्त जाते आणि या आजारात आधीच रक्त गोठण्याची अडचण असू शकते. कळा आणायच्या कशा, यावरही नागपूरच्या याच दोन दवाखान्यांत अभ्यास झाला. डॉ. शुचिता मुंडले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाढलेल्या रक्तदाबाच्या ६०२ बायकांमध्ये दोन रीतींची तुलना केली : मिसोप्रोस्टॉलची अगदी कमी प्रमाणातली गोळी तोंडाने, आणि गर्भाशयाच्या तोंडातून फुगा असलेली नळी. २४ तासांत साधे बाळंतपण झाले ते शंभरात गोळीने ५७, नळीने ४७ जणींचे. २०१७ साली हेही लॅन्सेटमध्ये आले. ही गोळी दवाखान्यात, बाळाचे ठोके ऐकत ऐकतच द्यायची असते. दुकानातून आणून घरी घेतली तर गर्भाशय फाटू शकते.

बाळाचे ठोके बिघडले, वार सुटली, किंवा गर्भाशयाचे तोंड उघडायला फार वेळ लागणार असे दिसले, तर सिझर करावे लागते. तेव्हा "आधी साधे होते का बघा" असा हट्ट धरू नये. निर्णय कशावरून घेतला एवढे मात्र विचारावे आणि उत्तर मिळेपर्यंत शांतपणे विचारावे.

"आईला वाचवायचे की बाळाला?"

घरच्यांच्या मनात हा प्रश्न असतो. सिनेमातल्या डॉक्टरांनी तो आपल्या डोक्यात भरवला आहे. या आजारात प्रश्न बहुधा तसा नसतो. आईला झटके आले तर बाळाचाही श्वास कोंडतो. आईचा रक्तदाब आवरला तर बाळालाही रक्त मिळते. आईवरचा उपचार हाच बाळावरचा पहिला उपचार आहे. आणि जिथे खरोखर निवड करायची वेळ येते तिथे आईचा जीव आधी, हे वैद्यकशास्त्राचे म्हणणे आहे. मुलगा हवा म्हणून, पहिलाच नातू म्हणून, खूप वर्षांनी दिवस राहिले म्हणून हा क्रम बदलू नये. आणि निर्णय घेताना त्या बाईला शुद्ध असेल तर आधी तिला विचारावे. बहुतेक वेळा खोलीत सगळ्यांना विचारले जाते, खाटेवर पडलेल्या बाईला सोडून.

डॉक्टरांना विचारायचे प्रश्न थोडके आहेत. किती आठवडे भरले? आज काढले तर बाळाची आशा किती, थांबलो तर आईला धोका काय? इथे रक्तपेढी आहे का, भूलतज्ज्ञ आहेत का, नवजात बाळासाठी अतिदक्षता विभाग आहे का? नसेल तर कुठे आहे, आणि तिथे फोन केला का? खासगी दवाखान्यात पैसे भरण्याआधीही हेच प्रश्न विचारावेत. एका रात्रीत तीन दवाखाने फिरण्यात जी वेळ जाते तीच जीव घेते.

घरी झटका आला तर

डोळे फिरतात, दातखीळ बसते, हातपाय ताठ होऊन झटकू लागतात, तोंडाला फेस येतो. पाहणाऱ्याचा धीर सुटतो. अशा वेळी कांदा हुंगवणे, चप्पल हुंगवणे, दातांत चमचा घालणे, तोंडात पाणी ओतणे, यातले काहीही करू नये. चमच्याने दात तुटतात, पाणी श्वासनळीत जाते. बाईला डाव्या कुशीवर वळवावे, डोक्याखाली मऊ कापड द्यावे, जवळच्या कठीण वस्तू दूर कराव्यात, हातपाय दाबून धरू नयेत. एकाने १०८ ला फोन लावावा, दुसऱ्याने कार्ड आणि फाइल घ्यावी, झटका कधी सुरू झाला ती वेळ पाहून ठेवावी. झटका थांबला, ती बोलू लागली, तरी दवाखान्यात न्यावेच. दुसरा झटका केव्हाही येऊ शकतो.

आणखी एक गोष्ट स्पष्ट लिहितो. हे "बाहेरचे" नाही. अंगात आलेले नाही. बाधा नाही. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या आपल्या घरांत मांत्रिक येत नाही असे आपण म्हणतो, पण भीतीच्या घडीला शेजारून कोणी तरी लिंबू घेऊन येतेच, आणि माहेरची किंवा सासरची एखादी म्हातारी "एकदा उतरवून तर बघू" म्हणते. त्या म्हातारीवर ओरडू नये, तिने तिच्या काळात असेच पाहिले आहे. पण रिक्षा थांबवू नये. परित्राण पाठ म्हणायचा असेल तर गाडीत म्हणावा, दवाखान्यात पोहोचल्यावर म्हणावा. तथागतांनी आजारी भिक्खूला स्वतःच्या हातांनी धुऊन-पुसून त्याची सेवा केली, असे विनयपिटकात आहे. धम्माची शिकवण आजाऱ्याची सेवा करण्याची आहे.

बाळंतपणानंतर धोका संपत नाही

बाळ हाती आले की सगळ्यांचे लक्ष बाळाकडे जाते. पण रक्तदाब बाळंतपणानंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवसाच्या सुमारास पुन्हा चढू शकतो, तेव्हा बाई बहुधा घरी आलेली असते. पहिल्या सहा आठवड्यांत डोके जोरात दुखले, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर "बाळंतवारा" म्हणून धुरी-शेकावर सोडू नये, बीपी मोजावा. गोळ्या मनाने बंद करू नयेत. अंगावर दूध पाजताना चालतील अशा बीपीच्या गोळ्या आहेत, तेव्हा दूधही तोडू नये आणि गोळीही.

ज्या बाईला हा आजार झाला तिला पुढच्या गरोदरपणात तो पुन्हा होण्याचा धोका असतो. अंदाजे सहा-सात जणींत एकीला. तिला उतारवयात बीपी आणि हृदयाचे आजार होण्याची शक्यताही इतरांपेक्षा जास्त असते. म्हणून कागद जपून ठेवावेत आणि वर्षातून एकदा तरी बीपी मोजावा.

पुढच्या वेळी दिवस राहिले की तिसरा महिना संपण्याच्या आतच डॉक्टरांकडे जावे. धोका जास्त असलेल्या बायकांना कमी प्रमाणातली ॲस्पिरिन सुरू करतात. ती १६ आठवड्यांच्या आत सुरू केली तर फायदा अधिक. ती मनाने घेऊ नये. चौथ्या महिन्यापासून कॅल्शियमच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. त्या लोहाच्या गोळीसोबत एकाच वेळी घेऊ नयेत, एकमेकींचा गुण कमी होतो. ज्यांच्या जेवणात दूध-दही कमी असते त्यांना कॅल्शियमने हा आजार कमी होतो. मिठाविना जेवण किंवा पूर्ण अंथरुणाला खिळणे यांनी हा आजार टळतो असे दिसलेले नाही. अळणी भाजीमुळे सुनेचे जेवणच तुटते.

हे उपकार नव्हेत

१९२८ साली मुंबई कायदेमंडळात कामगार स्त्रियांना बाळंतपणात विश्रांती आणि मोबदला देणाऱ्या विधेयकाला बाबासाहेबांनी पाठिंबा दिला. पुढच्या वर्षी तो कायदा झाला. बाळंतपणाचा भार एकट्या बाईने वाहायचा नाही, ही गोष्ट तेव्हापासून आपल्या हक्कांत आहे.

आज जननी शिशू सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझर, औषधे, तपासण्या, रक्त, जेवण, दवाखान्यात नेणे, एका दवाखान्यातून दुसऱ्यात हलवणे आणि घरी सोडणे, हे सगळे विनाशुल्क आहे. मॅगसल्फ किंवा सलाइन बाहेरून आणायला सांगितले तर चिठ्ठी लेखी मागावी आणि वैद्यकीय अधिकाऱ्यांना दाखवावी. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात डॉक्टरांकडून गरोदर बायकांची तपासणी होते. पहिल्या बाळंतपणाला मुलगी माहेरी जाते तेव्हा तिचे कार्ड आणि फाइल तिच्याबरोबर गेली पाहिजे, आणि माहेरच्या आशाताईंना पहिल्याच आठवड्यात कळवले पाहिजे. पुष्कळ तपासण्या या सासर-माहेरच्या मधल्या महिन्यातच चुकतात.

आमची महिला मंडळांना एक सूचना आहे. विहारात पौर्णिमेला आणि रविवारी आपण जमतोच. मंडळाने वर्गणीतून बीपी मोजण्याचे एक यंत्र घ्यावे, आशाताईंकडून किंवा सिस्टरांकडून ते वापरायला शिकून घ्यावे. वस्तीत कोण किती महिन्यांची गरोदर आहे याची वही ठेवावी. मोजण्याआधी बाईला पाच मिनिटे शांत बसवावे, पाठ टेकलेली, पाय जमिनीला, दंड काळजाच्या पातळीला. आकडा वहीत लिहावा आणि तिच्या कार्डावरही. १४०/९० दिसला की तिच्यासोबत एक जण त्याच दिवशी दवाखान्यात जाईल, असे आधीच ठरवून ठेवावे. यंत्रामुळे दवाखान्यातली तपासणी टळत नाही, पण दोन तपासण्यांमधले आठवडे डोळ्यांखाली राहतात. रात्री गाडी कोणाची, सोबत कोण, बाकीच्या लेकरांना कोण सांभाळणार, हेही वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवावे.

आज घरात कोणी गरोदर असेल तर हे पान बाजूला ठेवून तिचे कार्ड पिशवीतून काढा आणि शेवटचा आकडा वाचा. तो लिहून महिना उलटून गेला असेल, तर उद्या सकाळी तिला घेऊन जा.

जयभीम. नमो बुद्धाय.